घडणारी तलवार आणि निघणारी तलवार

एप्रिल २०२५ मध्ये लंडनला एका तलवारीचा लिलाव झाला. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची ती तलवार. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे. अशा पात्याच्या तलवारीला मराठे 'फिरंग' म्हणत. तिचे नुसते लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले, तर तो शंभर रुपयेही मोजणार नाही. मग ४७ लाख कशाचे? ते तिच्या एकटेपणाचे. तशी दुसरी तलवार आज कोणालाही करता येणार नाही, कारण अठरावे शतक पुन्हा आणता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता दुसऱ्या एका दुर्मीळ तलवारीची ओळख करून घेऊ. ती संग्रहालयात नाही, संगणकाच्या पडद्यावर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना असल्या तलवारी आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. इंटरनेटवरून हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी लोहार. अशा खेळांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ साली निघालेला खेळ फार गाजला. त्यातली 'थंडरफ्युरी' नावाची तलवार खेळाडूंच्या जगात दंतकथा होऊन बसली आहे.

ही तलवार आयती मिळत नाही, ती 'घडवावी' लागते. मूळ खेळातली तिची कृती थोडक्यात अशी : 'एलिमेंटियम' या काल्पनिक धातूच्या दहा मंतरलेल्या कांबी जमवायच्या. त्या प्रत्येक कांबीसाठी 'आर्केनाइट' नावाच्या दुसऱ्या काल्पनिक धातूच्या दहा कांबी लागतात, म्हणजे एकूण शंभर. शिवाय एका अग्निमय गुहेतल्या दोन राक्षसांकडून एका जुन्या बेडीचे दोन अर्धे भाग मिळवायचे, एकाकडून डावा आणि दुसऱ्याकडून उजवा. या गुहेत चाळीसपर्यंत खेळाडू मिळून जातात आणि आठवड्यातून एकदाच तिथले राक्षस मारता येतात. राक्षस मारला तरी दर वेळी बेडी मिळत नाही. खेळाडूंनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून काढलेला अंदाज असा, की शंभर वेळा राक्षस मारला तर सुमारे तीन ते चार वेळा ती हाती लागते.

हा आकडा वाचताच गणिताच्या विद्यार्थ्याने पेन्सिल उचलायला हवी. सोयीसाठी शंभरात चार, म्हणजे पंचवीसात एक, अशी शक्यता धरू. पुष्कळांना वाटते, 'पंचवीसात एक म्हणजे पंचविसाव्या आठवड्याला मिळणारच.' तसे नसते. एका आठवड्यात बेडी न मिळण्याची शक्यता ०.९६ आहे. ओळीने पंचवीस आठवडे ती न मिळण्याची शक्यता काढायची, तर ०.९६ ला स्वतःने पंचवीस वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.३६. म्हणजे शंभर गट हा उद्योग करीत असतील, तर जवळजवळ सहा महिन्यांनंतरही त्यांतले छत्तीस गट रिकाम्या हातांनी बसलेले असतील. पन्नास आठवड्यांनीसुद्धा तेरा उरतील.

आणि हे झाले बेडीच्या एकाच भागाचे. दोन्ही भाग हवेत, तर सरासरी सुमारे सदतीस आठवडे लागतात. त्यातूनही तलवार होते एकच आणि माणसे असतात चाळीस. प्रत्येकाला एकेक द्यायची म्हटले, तर पंचवीस आठवड्यांना एक जोडी या हिशेबाने हजार आठवडे हवेत, म्हणजे एकोणीस वर्षांहून अधिक!

रघूजींची तलवार दुर्मीळ आहे, तशी थंडरफ्युरीही दुर्मीळ आहे. पण दोहोंच्या दुर्मीळपणात एक मोठा फरक आहे. रघूजींची तलवार काळाने दुर्मीळ केली. थंडरफ्युरी मात्र एका आकड्याने दुर्मीळ केली. कोणा माणसाने खुर्चीत बसून आज्ञावलीत 'शंभरात इतके' असे लिहिले आणि ती दुर्मीळ झाली. त्याने उद्या तो आकडा बदलला, तर ती वाटेल तितकी स्वस्त होईल किंवा कोणालाच मिळणार नाही. तिच्यासाठी खाणीतून धातू काढावा लागत नाही, कोळसा जळत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की खेळातली तलवार 'घडते' हा शब्दच फसवा आहे. ती घडत नाही, ती सोडतीतल्या क्रमांकासारखी निघते. घडणे आणि निघणे यांतला फरक ज्याला कळला, त्याने असे खेळ खुशाल खेळावेत. ज्याला तो कळला नाही, त्याचा वेळ, आणि पुष्कळदा घरच्यांचा पैसाही, दुसऱ्याच्या हातात असतो.

हा फरक पाहायला फार लांब जायला नको. आमच्या पारोळ्याकडे, आणि खान्देशात इतरत्रही, पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला लोहारांची बिऱ्हाडे उतरतात. ऐरण, घण, सांडशी आणि भाता, एवढाच त्यांचा कारखाना. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो, बाई दोन्ही हातांनी घण घालते. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून कोयता किंवा कुऱ्हाड आकाराला येते. सुटीच्या दिवशी घटकाभर तिथे उभे राहून पाहा. पदार्थविज्ञानाचा असा तास आम्हाला महाविद्यालयातही घेता येत नाही.

पाते ठोकून झाले, की लोहार ते पुन्हा लाल करतो. थर्मामीटर त्याच्याजवळ नसतो, तो रंग पाहतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते, त्याच्या आतली रचना बदलू लागते आणि पोलादातला कार्बन लोखंडाच्या स्फटिकांत सामावला जातो. अशा वेळी ते पाते पाण्यात बुडवले, म्हणजेच त्याला 'पाणी पाजले', की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि पाते अतिशय कठीण होते. पण त्याबरोबर ते काचेसारखे ठिसूळही होते. मग त्याला हलकीशी धग द्यायची. घासून उजळलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढू लागतात, सुमारे २२५ अंशांना गवती पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराची करामत. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात सांडलेल्या तेलावर रंग दिसतात ना, त्याच जातीचे हे रंग. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते, निळ्यापर्यंत गेले तर पाते लवचीक होते. कोणत्या अवजाराला कुठे थांबायचे, ते लोहाराला ठाऊक असते.

ते त्याला ठाऊक कसे झाले? चुकून चुकून. पाते पहिल्याच घावाला तुटले, तर ते फार कडक झाले होते. धार मुडपली, तर ते नरम राहिले होते. पाण्यात घालताच चीर गेली, तर ते फार तापले होते किंवा फार झपाट्याने निवले. बिघडलेला प्रत्येक कोयता लोहाराला काही तरी सांगून जातो. पुढच्या खेपेला तोच माणूस तेच काम करतो, पण यशाची शक्यता मात्र पूर्वीची राहत नाही. ती वाढलेली असते, आणि ती त्याने स्वतः वाढवलेली असते.

आता खेळातल्या लोहाराकडे पाहा. तीस आठवडे बेडी मिळाली नाही. त्याने काय शिकावे? काहीच नाही. एकतिसाव्या आठवड्यातही शक्यता तीच, शंभरात चार. नाणे उडवताना पाच वेळा काटा पडला म्हणून सहाव्यांदा छाप पडायलाच हवा, असा कोठे नियम नाही; नाण्याला आठवण नसते. अशा घटनांना गणितात स्वतंत्र घटना म्हणतात. 'आता इतके आठवडे घातले, म्हणजे जवळ आलो' ही भावना इथे निव्वळ भ्रम आहे. लॉटरीच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाला हाच भ्रम होतो.

इथे कोणी हुशार विद्यार्थी हरकत घेईल, 'सर, तो राक्षस मारायला कौशल्य लागते. चाळीस जणांनी एकमेकांना सांभाळून लढावे लागते. पहिल्या दहा वेळा आम्ही हरलो, तेव्हाच डाव समजला.' ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. लढाईतल्या हारीतून शिकता येते, आणि खेळाचा तेवढा भाग कबड्डी किंवा बुद्धिबळाच्या पंगतीला बसू शकतो. लढाई संपल्यावर जी पेटी उघडते, तिथे मात्र कौशल्य संपते आणि सोडत सुरू होते. पैसे मागितले जातात ते बहुधा या पेटीपाशी.

आता चुकून शिकण्याचेच एक मोठे उदाहरण घेऊ. दक्षिण भारतात पूर्वी मातीच्या बंद मुशीत एक खास पोलाद तयार करीत. इंग्रजांनी त्याला 'वुट्झ' हे नाव दिले. कानडीत पोलादाला 'उक्कु' म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश असावा असे मानतात. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का असे आणि त्यापासून केलेल्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. दमास्कसच्या तलवारी म्हणून जगभर नावाजलेल्या तलवारींतल्या कित्येक अशा पोलादाच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लोपली. १८२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने वुट्झचे पृथक्करण केले. विद्युत् चुंबकीय प्रवर्तनामुळे तुम्हाला ठाऊक असलेला हाच तो फॅरडे, आणि हा मुलगाही एका लोहाराचाच! पोलादात ॲल्युमिनियम असल्यामुळे हा गुण येतो, असे त्याला वाटले. त्याचा हा तर्क टिकला नाही. परंतु पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्याचे जे प्रयोग त्याने त्यामुळे केले, ते मिश्र पोलादांच्या अभ्यासाची एक सुरुवात ठरले.

पुढे अमेरिकेतले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून वर्षानुवर्षे अशी पाती करून पाहिली. नक्षी काही पात्यांवर उमटे, काहींवर उमटत नसे. त्यांनी प्रत्येक अपयशाची तपासणी केली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी लेशमात्र अंश असला, तरच ही नक्षी नीट जमते. तो अंश असलेले खनिज संपले, की तोच कारागीर तीच कृती करूनही हरणार! खेळातल्या सोडतीपुढे या दोघांनी तितकीच वर्षे घातली असती, तर त्यांच्या वहीत 'मिळाले नाही, मिळाले नाही' यापलीकडे काय उरले असते?

कोणी म्हणेल, 'खेळ तो खेळ. त्याला एवढे मनावर कशाला घ्यावे?' त्यांच्यासाठी दक्षिण कोरियातली एक घटना सांगतो. तिथे 'मेपल स्टोरी' नावाचा २००३ पासून चालत आलेला असाच एक काल्पनिक जगाचा खेळ आहे. त्यात तलवारीचे किंवा चिलखताचे गुण बदलण्यासाठी 'क्यूब' नावाची वस्तू पैसे देऊन विकत घेता येई. क्यूब वापरला, की शस्त्राला नवे गुण लागत, पण कोणते, ते नशिबावर. चांगले गुण लागेपर्यंत लोक क्यूबमागून क्यूब घेत राहत. मार्च २०२१ मध्ये नेक्सॉन या कंपनीने शक्यतांचे आकडे जाहीर केले, तेव्हा खेळाडूंना कळले, की सर्वांना हव्या असलेल्या काही जोड्या लागण्याची शक्यता शून्य होती. थोडी नव्हे, शून्य! ऑगस्ट २०११ पासून ती तशी ठेवलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या व्यापारविषयक आयोगाने कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तर कोटी रुपयांहून अधिक, दंड केला.

या घटनेतले गणित आपण नीट समजून घेऊ. एखाद्याने तीनशे वेळा प्रयत्न केला आणि हवी ती जोडी लागली नाही. यावरून त्याला काय म्हणता येईल? शक्यता खरोखर एक टक्का असती, तर ओळीने तीनशे वेळा रिकाम्या हाती राहण्याचा संभव सुमारे पाच टक्केच आहे. तेव्हा 'शक्यता बहुधा एक टक्क्याहून कमी आहे' एवढे तो म्हणू शकेल. पण ती हजारात एक आहे, लाखात एक आहे, की मुळीच नाही, हे त्याला कधीच सांगता येणार नाही. एकट्या माणसाच्या दृष्टीने अगदी लहान शक्यता आणि शून्य शक्यता सारख्याच दिसतात. दोन्हींत हाताला काहीच लागत नाही, आणि आशा मात्र दोन्हींत तेवढीच राहते. म्हणूनच आकडा जाहीर होणे अत्यावश्यक आहे.

चीनने २०१७ पासून असे आकडे जाहीर करण्याचे बंधन घातले. दक्षिण कोरियात तसा कायदा मार्च २०२४ मध्ये अमलात आला. 'गेन्शिन इम्पॅक्ट' या २०२० मध्ये निघालेल्या खेळात हे आकडे दिलेले असतात. त्यातल्या शस्त्रांच्या सोडतीत सर्वोत्तम प्रतीचे शस्त्र निघण्याची मूळ शक्यता ०.७ टक्के आहे, मात्र ऐंशीव्या वेळेपर्यंत ते हमखास निघते. म्हणजे इथल्या सोडतीला थोडी आठवण ठेवलेली आहे. ही हमी धरून सरासरी पडते १.८५ टक्के, अर्थात एका शस्त्रामागे सरासरी चोपन्न खेपा. आकडा छापलेला असला, की आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब मांडता येतो. एका खेपेची किंमत गुणिले चोपन्न, हा तलवारीचा खरा भाव. दुकानात मात्र एका खेपेचीच किंमत डोळ्यांपुढे असते.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, आणि तो योग्यच आहे. माझी मागणी याहून साधी आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापावी लागते. त्याचप्रमाणे ज्या खेळात पैसे देऊन सोडत काढायची असते, त्या प्रत्येक खेळाने पैसे घेण्याआधी, त्याच पडद्यावर, ठसठशीत आकड्यांत, मराठीसह आपल्या भाषांत शक्यता लिहावी. आकडा बदलला, तर ते तारखेसह कळवावे.

पण कायद्याची वाट पाहत शिक्षकांनी थांबू नये. वर्गात मोबाईलचे नाव निघाले, की आपण रागावतो. त्यापेक्षा ती तलवार एक दिवस फळ्यावर आणावी. त्यासाठी संगणकही लागत नाही. पंचवीस सारख्या चिठ्ठ्या करा आणि एकीवर 'तलवार' लिहा. चिठ्ठ्या पिशवीत घालून प्रत्येक विद्यार्थ्याने एक काढायची, पाहायची, परत टाकायची आणि पिशवी हलवायची. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाने पंचवीस वेळा चिठ्ठी काढली, तर सुमारे चौदा जणांना एकदाही तलवार मिळालेली नसेल. कोणाला पहिल्याच खेपेस मिळेल, आणि आपला हातच चांगला आहे असे तो म्हणू लागेल! निकाल फळ्यावर मांडा, आलेख काढा, दुसऱ्या तुकडीच्या निकालाशी ताडून पाहा. मग गुपचूप तलवारीची चिठ्ठी काढून घ्या आणि पुन्हा खेळ सुरू करा. पिशवीत तलवारच नाही, अशी शंका वर्गाला कितव्या खेपेला येते, ते मोजा. शंका आलेल्या विद्यार्थ्यांना ती एकेकट्याने आली, की सर्वांचे निकाल एकत्र पाहिल्यावर आली, हेही नोंदवा. कोरियातल्या खेळाडूंची दहा वर्षे कशी गेली, ते या एका तासात समजेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी तीन प्रश्न. पैसे किंवा परीक्षेच्या वर्षातल्या संध्याकाळी असल्या तलवारीवर घालण्याआधी ते स्वतःला विचारा. शक्यता किती, आणि ती कोठे लिहिलेली आहे? त्या आकड्याने सरासरी किती खेपा आणि किती रुपये लागतील? आणि आज मी हरलो, तर त्या हरण्यातून उद्यासाठी मला काही कळणार आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि परवडली, तर खेळा, मजा करा. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर त्याला घडवणे म्हणू नका.

खरोखर काही घडवावेसे वाटले, तर पुढच्या पावसाळ्याआधी लोहाराच्या पालापाशी जा. सोबत एक लहानसे चुंबक न्या आणि त्याची परवानगी घेऊन, लांब सळईच्या टोकाला बांधलेले ते चुंबक लाल पात्याजवळ धरून पाहा. ते चिकटत नाही. पाते निवू लागले, की ते केव्हा ओढ घेऊ लागते आणि तेव्हा पात्याचा रंग कोणता असतो, ते वहीत लिहून ठेवा.